पाहुणे येतील त्या दिवशी वडिलांना कुठं बसवायचं?

पत्र असं आहे:

"ताई, मी तासगाव तालुक्यातला, वय 24. बांधाच्या भांडणात माझ्या चुलत चुलत्याचा जीव गेला आणि वडिलांना जन्मठेप झाली. 2010 साली ते आत गेले तेव्हा मी चौथीत होतो. हायकोर्टात अपील टिकलं नाही. आधी सांगलीचा तुरुंग, मग कोल्हापूरचा कळंबा तुरुंग. 2025 ला सुटून आले. आता बहिणीचं जमवायचं चाललंय. कवठेमहांकाळकडचं चांगलं स्थळ आलंय, पुढच्या रविवारी पाहुणे येणार आहेत. मामा म्हणतात, वडील इतकी वर्षं गलाईला तामिळनाडूत होते असं सांगू आणि त्या दिवशी त्यांना रानातल्या वस्तीवर ठेवू. आई काहीच बोलत नाही. मला पटतंय पण आणि नाही पण. खरं सांगायचं तर वडील घरात असले की मलाच अवघडल्यासारखं होतं. पहाटे पाचला उठतात, अंथरुणाची चौकोनी घडी करतात आणि तिच्याशेजारी बसून राहतात. रात्री लाइट बंद करू देत नाहीत. दारापर्यंत जातात आणि तिथंच थांबतात. त्यांना या प्रकरणात अडकवलं असं आमच्या घरात मानतात. पण लोकांना काय सांगायचं?"

तुझ्याच वयाचा माझा भाचा आहे, म्हणून अरेतुरे करते. राग मानू नकोस.

आधी मामांच्या गलाईचं बघू. थाप म्हणून ती वाईट नाही. विटा, खानापूर, आटपाडी या सगळ्या पट्ट्यात गावागावातली माणसं सोनं-चांदी गाळायला परमुलखात गेलेली. बाप दहा-पंधरा वर्षं गावात दिसला नाही तरी कुणाला नवल वाटत नाही. पण घोटाळा नेमका इथंच होतो. पाहुण्यांचाही कुणी साडू, कुणी मेहुणा तिकडं असणार. पोह्यांची बशी हातात येते न येते तोच प्रश्न येईल, "तामिळनाडूत कुठं? सेलमला का कोइमतूरला? कुणाच्या दुकानात?" गलाईवाले एकमेकांना गावानिशी ओळखतात. पहिलं उत्तर मामा पाठ करून येतील, दुसऱ्याला अडखळतील. पाहुणे तोंडावर काही बोलणार नाहीत. पोहे संपवतील, "कळवतो" म्हणतील आणि परत जाताना तासगावच्या स्टँडवर चहा घेता घेता दोन फोन करतील. तिसरा फोन करायची गरजच पडणार नाही.

हे मी छातीठोक सांगते, कारण एकदा असलाच सल्ला मी स्वतः दिलाय. सांगलीत माझी वकिली, त्यातली बरीच वर्षं विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर. म्हणजे ज्यांना वकील करणं परवडत नाही त्यांच्या केसेस. तेव्हा मी नवी होते. एका पक्षकाराच्या बायकोनं विचारलं, पोरीच्या सासरी सांगू का? मी म्हटलं, विचारलं तर सांगा, आपण होऊन कशाला? लग्न झालं. आठ महिन्यांनी कुणाच्या तरी बारशात विषय निघाला आणि पोरगी बॅग घेऊन माहेरी आली. सासऱ्याला मी स्वतः जाऊन भेटले. तो म्हणाला, "वकीलबाई, माणूस आत जाऊन आला त्याचं आमचं काही नाही. आम्हाला येड्यात काढलं, त्याचं काय?" तो अगदी खरं बोलत होता असं मी म्हणणार नाही, आधी कळलं असतं तर कदाचित त्यानं नकारच दिला असता. पण नकार परवडला असता. पोरगी पुढं दोन वर्षांनी नांदायला गेली, ती कशी गेली ते मला माहीत आहे.

तेव्हा सांगायचं, आणि पाहुणे यायच्या आधी सांगायचं. रविवारी दिवाणखान्यात नव्हे, आजपासून दोन-तीन दिवसांत, मध्यस्थामार्फत. स्थळ ज्यानं आणलं त्याला ठाऊक असेलच. त्याला घेऊन तू स्वतः मुलाच्या वडिलांना फोन कर. मामांना करू देऊ नकोस, ते गोड करून सांगतील. वाक्यं सरळ असू देत: "पंधरा वर्षांपूर्वी बांधाच्या भांडणात माझ्या वडिलांच्या हातून त्यांच्या चुलतभावाचा खून झाला. जन्मठेप झाली. शिक्षा भोगून ते आता घरी आहेत. रविवारी ते घरीच असतील. तुम्हाला यायचं असेल तर आनंदच आहे, नसेल तर आम्ही गैर मानणार नाही." एवढंच. मग गप्प बसायचं, समोरचा बोलेपर्यंत.

यात मी "खून" हा शब्द मुद्दाम घातलाय आणि "अडकवलं" हा मुद्दाम गाळलाय. सेशन्स कोर्टानं शिक्षा दिली, हायकोर्टानं ती कायम ठेवली, हे तूच लिहितोस. घरात तुम्ही काय मानायचं ते माना. नऊ वर्षांच्या पोराला बापाबद्दल काहीतरी मानावंच लागतं, नाहीतर तो शाळेत कसा जाणार? पण पाहुण्यांसमोर "अडकवलं" म्हटलंस की ते दोन गोष्टी ऐकतील: हे लोक झाल्या गोष्टीची जबाबदारी घेत नाहीत, आणि भांडण अजून मिटलेलं नाही. दुसरी गोष्ट मुलीच्या सासऱ्याला जास्त घाबरवते. आणि एक विचारते, वडिलांच्या तोंडून "मला अडकवलं" हे कधी ऐकलंयस? पत्रात तसं कुठं आलेलं नाही. "आमच्या घरात मानतात" असं लिहिलंयस. माझ्या अनुभवात, इतकी वर्षं काढलेला माणूस घरच्यांपेक्षा सरळ बोलतो, कुणी विचारलं तर.

आता वस्तीचं. त्यांना सांगितलंस तर ते जातील. कुरकुरसुद्धा करणार नाहीत, आणि मला भीती त्याचीच वाटते. तू लिहिलेलं सगळं मी ओळखते. पहाटे पाचला बराक उघडायची वेळ होते. त्याआधी अंथरूण घडी करून जोडीजोडीनं बसायचं, शिपाई मोजून जातो, टोटल जुळली की दिवस सुरू. बराकीतला दिवा रात्रभर विझत नाही, त्यामुळं पंधरा वर्षांत या माणसानं, रजेचे दिवस सोडले तर, अंधार पाहिलेला नाही. संध्याकाळचं जेवण उजेडातच उरकतं आणि दार लागतं ते सकाळपर्यंत. आणि दार. आत प्रत्येक दाराला दुसरा कुणीतरी असतो, कुलूपवाला. आपण थांबायचं, तो उघडतो. माझ्या ऑफिसात एक गृहस्थ यायचे, अकरा वर्षं काढून आलेले. दार नुसतं लोटलेलं असायचं. ते बाहेर उभे राहायचे. एकदा मी फोनवर होते, वीस मिनिटांनी बाहेर पाहिलं तर हे उभेच, हातात पिशवी, चेहऱ्यावर तक्रार नाही. मी म्हटलं, अहो ढकला की. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग ढकललं. वर्षभरानं एक दिवस ते धाडकन दार उघडून आत आले आणि आल्या आल्या मला फीवरून बोलले. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

तुझे वडील दारात थांबतात, ते तसेच. त्यांना "जा की" म्हणून ओरडू नकोस, हात धरून बाहेरही नेऊ नकोस. काम सांग. "गिरणीतून दळण आणा", "दूध घालून या". जाण्याला कारण लागतं, आणि परत आल्यावर कुणी विचारायचं नसतं, एवढा वेळ का लागला. लाइटचं सोपं आहे, झिरोचा बल्ब आण. बिल किती येतंय याचा विचार सोड, पाच वॅटचा एलईडी रात्रभर जळला तरी पंचवीस रात्रींत एक युनिट होतं.

अशा माणसाला ज्या दिवशी घरात सगळ्यात मोठं काम आहे त्या दिवशी "तुम्ही वस्तीवर जा" म्हणणं म्हणजे त्यांची बराक बदलणं. ते टोपी घालतील, पाण्याची बाटली घेतील आणि जातील. संध्याकाळी पाहुणे गेले असं कळवायला कुणीतरी जाईपर्यंत तिथंच बसतील.

आपल्या जिल्ह्याला हे शोभत नाही, असं म्हणायचा मोह मला होतोय. कारण सांगते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, कैद्यांची खुली वसाहत. 1939 ची. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होतं. भवानराव पंतप्रतिनिधी राजे होते आणि त्यांच्याकडं मॉरिस फ्रीडमन नावाचे पोलंडहून आलेले इंजिनिअर होते, गांधींच्या विचारांचे. ज्या वर्षी राजेसाहेबांनी संस्थानचा कारभार रयतेच्या हाती दिला त्याच वर्षी हीही कल्पना निघाली: खुनाच्या शिक्षेतल्या माणसांना भिंतीशिवाय ठेवायचं, जमीन द्यायची, बायकापोरांसह राहू द्यायचं. तिथला कैदी शेती करतो, पोरं शाळेत जातात. त्यावरून निघालेला 'दो आँखें बारह हाथ' हा हिंदी चित्रपट सगळ्यांना माहीत असतो, वसाहत आटपाडीला आहे हे निम्म्या सांगलीला माहीत नसतं. मला त्यातलं एकच दिसतं. पंच्याऐंशीहून जास्त वर्षांपूर्वी, माणदेशाच्या त्या कोरड्या माळावर कुणाला तरी कळलं की माणूस पोराबाळांत राहिला तर ठिकाणावर राहतो. आणि आपण शिक्षा संपल्यावर त्याला पोराबाळांतून उठवून वस्तीवर पाठवतोय.

(सांगलीचं नाव तुरुंगाशी काढलं की लोक लगेच 24 जुलै 1943 सांगतात, वसंतदादा जेल फोडून कसे निघाले, गोळी कशी लागली. तो स्वातंत्र्याचा लढा, तुझ्या वडिलांचं प्रकरण त्यात बसत नाही, हे मला कळतं. पण "आत जाऊन आलेला" हा शब्द आपल्याकडं कायम शिवीच होता असंही नाही, एवढंच.)

आणखी एक गंमत बघ. कळंब्याच्या बंद्यांनी वळलेले लाडू काही वर्षं अंबाबाईचा प्रसाद म्हणून दिले जायचे. आपण ते कपाळाला लावून खाल्ले. तुझ्या मामांनीही खाल्ले असतील.

पण तू ज्याबद्दल एक ओळही लिहिलेली नाहीस त्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय. तुझी चुलती. चुलत चुलत्याची बायको. ती त्याच गावात आहे ना? बहुधा त्याच आळीत. तुझे वडील परत आले. तिच्या घरातलं माणूस परत आलेलं नाही. वडिलांना तिच्या दारावरून जाऊ देऊ नकोस, लांबचा रस्ता घ्या, मंदिरात जायची वेळ बदला. माफी मागायला तर मुळीच पाठवू नकोस. सुटून आलेल्या माणसाला घाई असते, एकदा पाय धरून मोकळं व्हायची. तिनं त्यांना मोकळं का करावं? भावकीतली एखादी वयस्क बाई असेल, दोन्ही घरांत उठबस असलेली, तिच्या कानावर घालून ठेव की आमच्याकडून काही त्रास होणार नाही, आणि मुलीचं लग्न ठरलं तर पत्रिका द्यायची का हे तुम्ही विचारून सांगा. नको म्हणाली तर नको. बरं म्हणाली तरी लग्नात तिच्या समोर वडिलांनी मिरवायचं नाही.

आणि तो बांध. तो बांध अजून तिथंच असेल, नाही का? पंधरा वर्षांत कुणी मोजणी केली? मी पैज लावते, नाही केली. माणूस मेला, माणूस आत गेला, आणि हद्दीचा दगड होता तिथंच वादात. हे आधी कर, लग्नाच्या खर्चाआधी. तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांकडं मोजणीचा अर्ज टाक, नियमित आणि द्रुतगती असे दोन दर आहेत, द्रुतगतीनं कर. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात. चुलतीच्या घरी नोटीस पोचण्याआधी त्या वयस्क बाईंकरवी कळव, नाहीतर तिला वाटेल आला आणि पुन्हा बांध कोरायला लागला. मोजणीला वडील हजर नकोत, तू जा. खुणा ठरल्या की दगड रोवून घे, "क" प्रत घेऊन घरात ठेव. आणि त्या अंगाच्या चार सऱ्या सुटल्या तर सुटू देत.

हे इतकं ठासून सांगायला कायद्याचं कारण आहे. "जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं" असं सगळे म्हणतात, ते खोटं आहे. जन्मठेप म्हणजे जन्मभर. खुनासारख्या गुन्ह्यात निदान चौदा वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सरकारला माफीचा विचारच करता येत नाही, एवढाच त्या आकड्याचा अर्थ. त्यानंतर सरकार सोडतं ते आदेश काढून, अटी घालून, चांगल्या वर्तणुकीचा बंध लिहून घेऊन. अट मोडली तर माफी रद्द होऊन उरलेली शिक्षा पुन्हा सुरू होऊ शकते. वडिलांजवळ सुटकेचा आदेश असेल, पत्र्याच्या पेटीत किंवा प्लास्टिकच्या पिशवीत. तो काढ, तू स्वतः नीट वाच, पोलीस ठाण्यात हजेरी लिहिली असेल तर तारखा भिंतीवर लाव, चार झेरॉक्स काढ. बांधावर नुसती शिवीगाळ झाली आणि समोरच्यानं अदखलपात्र तक्रार दिली तरी इतरांना ती किरकोळ असते, तुझ्या वडिलांना नाही. आदेशातलं काही कळलं नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचार. फोन करायचा तर 15100.

बाकीची कागदपत्रं पटकन सांगते. आधार आहे का, मोबाइलला जोडलंय का, बँकेचं खातं चालू आहे का, रेशनकार्डावर नाव राहिलंय का. तुरुंगात असताना मत देता येत नाही, बाहेर आल्यावर येतं. यादीत नाव नसेल तर नव्यानं अर्ज. सातबाऱ्यावरचं नाव शिक्षेमुळं जात नाही, कुणी तसं सांगून सही मागितली तर देऊ नका. जिल्हा परिवीक्षा अधिकाऱ्याला भेटा, सुटून आलेल्यांना छोट्या धंद्यासाठी मदत देण्याची तरतूद तिथं आहे. ती फार नाही आणि लवकर मिळत नाही. न्यायमूर्ती मुल्ला समितीनं 1983 मध्येच सांगून ठेवलंय की सुटकेनंतर माणसाला सांभाळणं हा तुरुंगाच्याच कामाचा भाग आहे. पुढं आदर्श कायदे झाले, खात्याच्या नावात सुधारसेवा आली. पण गेटच्या बाहेर पडल्यावर हातात जे असतं ते म्हणजे आत केलेल्या कामाची मजुरी आणि गावापर्यंतचं एसटीचं भाडं. बाकी सगळं तुझ्यासारख्या 24 वर्षांच्या पोरावर येऊन पडतं. तुला अवघडल्यासारखं होतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. तुझी या माणसाशी ओळख रजेतल्या थोड्या दिवसांची आणि मुलाखतीच्या खिडकीतली. एका घरात राहायला लागून अजून किती दिवस झालेत?

आत कुठल्या कारखान्यात होते ते विचार. कळंब्यात कुणी सुतारकाम शिकतो, कुणी मागावर बसतो. सुतारकाम येत असेल तर रंधा, पटाशी, करवत एवढं आणून दे आणि मोडकी खुर्ची समोर ठेव. कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी शोधत फिरवू नकोस, चारित्र्य पडताळणीचा कागद मागतात आणि तिथं अपमान होतो. द्राक्षबागांच्या छाटणीला माणूस मिळत नाही म्हणून आपल्याकडं सगळे रडतात. पण तिथं टोळीत पाठवायच्या आधी टोळीवाल्याशीही तेच सरळ बोलणं कर, पाहुण्यांशी करशील तसं.

एक राहिलं. तुझ्या पत्रात मामा आहेत, आई आहे, तू आहेस, वडील आहेत. बहिणीचं मत कुठं आहे? लग्न तिचं आहे. वडील सोप्यात बसलेले तिला हवेत का नकोत, हे तिला एकटीला विचार, आईसमोर नको. ती नको म्हणाली तर मला पुन्हा लिही, मग माझं उत्तर बदलेल. ती आत गेली नव्हती, पण वर्गात "खुन्याची पोरगी" तिनंही ऐकलं असणार.

रविवारी, पाहुणे आलेच तर, वडिलांना दाराकडं तोंड करून बसव, पाठ भिंतीला. पाठीमागून कुणी आलेलं त्यांना चालणार नाही. पाहुण्यांनी काही विचारलं तर उत्तर त्यांना देऊ दे, मध्ये तोंड घालू नकोस, थोडा वेळ लागेल. आणि पाहुणे उठतील तेव्हा ते झटकन उभे राहतील, हात बाजूला सोडून. ते सवयीनं. पाहुण्यांना तो मान वाटेल.

हे पत्र त्यांना वाचून दाखवणार असशील तर मोजणीचा भाग आधी वाच. बाकीच्यावर चिडतील कदाचित. चिडले तर मला कळव.